क्रिचेल डाउनचा राजीनामा आणि ॲबरव्हॅनची शाळा

ब्रिटिश राज्यघटनेवरच्या आपल्याकडील क्रमिक पुस्तकांत काही उदाहरणे वर्षानुवर्षे ठाण मांडून बसली आहेत. मंत्र्याची जबाबदारी म्हणजे काय हे सांगायचे झाले की क्रिचेल डाउनचे नाव येते. खात्यातील अधिकाऱ्यांनी चूक केली, मंत्र्याच्या हातून व्यक्तिशः गैरकृत्य घडले नव्हते, तरीही त्याने संसदेत उभे राहून दोष शिरावर घेतला आणि पद सोडले. इंग्रजांची राजकीय नीतिमत्ता अशी असते, असा त्या परिच्छेदाचा सूर असतो. परीक्षेत या उदाहरणाला हमखास गुण मिळतात. मी ते विद्यार्थी म्हणून पाठ केले आणि आज वर्गात शिकवतो. पण ती जमीन कोणाची होती, हे पुस्तकात कोठेही सांगितलेले नसते.

ती जमीन इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात होती. एकूण ७२५ एकर. महायुद्धाच्या तोंडावर हवाई दलाने बॉम्बफेकीच्या सरावासाठी ती सक्तीने विकत घेतली. अशी जमीन गरज संपल्यावर मूळ मालकाला परत देऊ करावी, असे आश्वासन १९४१ मध्ये चर्चिल यांनी दिले होते. युद्ध संपले, जमीन शेती खात्याकडे गेली. खात्याने ती मालकांना परत न देता एकसंध शेत म्हणून नव्या कुळाला देण्याचे ठरवले. या जमिनीतला मोठा हिस्सा लॉर्ड ॲलिंग्टन यांच्या क्रिचेल इस्टेटीचा होता. लॉर्ड युद्धात गेले, वारस त्यांची मुलगी. तिचे पती लेफ्टनंट कमांडर मार्टेन हे नौदलातले अधिकारी, घराण्याचा राजवाड्याशी घरोबा. त्यांनी प्रश्न लावून धरला. आपल्या खासदाराला गाठले, आसपासच्या जमीनदारांना एकत्र केले, हुजूर पक्षातील मागच्या बाकांवरचे सभासद पेटले. १९५४ मध्ये सर अँड्र्यू क्लार्क यांची जाहीर चौकशी झाली. लाचलुचपत आढळली नाही. मात्र अधिकाऱ्यांच्या मग्रुरीवर आणि लपवाछपवीवर कडक ताशेरे आले. २० जुलै १९५४ रोजी शेतीमंत्री सर टॉमस डगडेल यांनी राजीनामा दिला. मार्टेन कुटुंबाला जमीन परत विकत मिळाली.

पुढे कागदपत्रे तपासणाऱ्या अभ्यासकांनी या कथेतला बराच मुलामा खरवडला आहे. डगडेल यांना निर्णय ठाऊक होता, त्यांची त्याला संमती होती, आणि ते गेले ते मुख्यतः स्वपक्षातल्या जमीनदार सभासदांच्या रोषामुळे, असे त्यांचे म्हणणे. ते बाजूला ठेवू. मार्टेन यांच्यावर अन्याय झाला होता आणि त्याची दाद लागली, यात गैर काहीच नाही. शासनाने दिलेला शब्द मोडू नये, ही मागणी रास्तच होती. परंतु ७२५ एकरांसाठी जे यंत्र इतक्या चोख चालले, तेच यंत्र बारा वर्षांनी दुसऱ्या लोकांसाठी कसे चालले, हे पाहिल्याशिवाय त्या यंत्राचे मोल कळत नाही.

त्यासाठी दक्षिण वेल्समध्ये, मर्थर टिडफिलच्या दक्षिणेला टॅफ नदीच्या खोऱ्यात जावे लागते. ॲबरव्हॅन हे तेथले खाणकामगारांचे गाव. मर्थर व्हेल या कोळशाच्या खाणीवर ते जगत होते. १ जानेवारी १९४७ रोजी ब्रिटनमधील खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा खाणीखाणीवर पाट्या लागल्या : ही खाण आता राष्ट्रीय कोळसा मंडळ जनतेच्या वतीने चालवीत आहे. अनेक पिढ्या खाणमालकांशी झगडलेल्या कामगारांना त्या दिवशी केवढा आनंद झाला असेल! मालक गेला, आता जे आहे ते आपले.

कोळशाबरोबर खाणीतून जे दगड, माती, राख आणि गाळ निघतो तो गावाच्या डोक्यावर डोंगरउतारावर टाकला जाई. असे सात ढीग झाले. सातवा १९५८ मध्ये सुरू झाला तो थेट झऱ्यावर. हा झरा काही गुप्त नव्हता. सरकारी मोजणीच्या नकाशावर तो छापलेला होता, आणि गावातली पोरे त्या पाण्यात खेळलेली होती. १९४४ मध्ये चौथा ढीग घसरला होता. १९६३ मध्ये सातवाच घसरला. त्या वर्षी नगरपालिकेच्या अभियंत्याने पँटग्लास शाळेच्या मागे टाकल्या जाणाऱ्या गाळाचा धोका दाखवणारे पत्र लिहिले. मंडळाशी पत्रव्यवहार झाला. १९६४ मध्ये एका नगरसेविकेने समितीत स्पष्ट सांगितले की ढीग हलला तर शाळेवर येईल. १९६५ च्या जानेवारीत दोन मातांनी शाळेभोवती साचणाऱ्या काळ्या पाण्याबद्दल मुख्याध्यापिकेकडे अर्ज दिला, तो तिने वर पोचवला.

म्हणजे अर्ज झाले, पत्रे झाली, उत्तरे आली, कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेले. ज्यांच्या घरात अर्ज लिहिणारा पहिला माणूस नुकताच निपजला आहे त्यांना हा प्रवास समजावून सांगायला नको. माझ्या वडिलांनी एका कार्यालयाकडे केलेल्या अर्जांच्या पोचपावत्या पत्र्याच्या पेटीत आजही आहेत. प्रत्येकीवर शिक्का आहे, आवक क्रमांक आहे. अर्ज मिळाला एवढेच ती पावती सांगते. तो वाचला गेला की नाही, याबद्दल ती काही बोलत नाही.

२१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार. सहामाही सुटीपूर्वीचा शाळेचा शेवटचा दिवस. मुले प्रार्थना आटोपून वर्गात बसत होती. सव्वानऊच्या सुमाराला सातवा ढीग पाण्याने सुटला आणि डोंगरावरून खाली आला. शाळा आणि शेजारची घरे त्याखाली गेली. १४४ माणसे मेली. त्यांतली ११६ मुले होती, बहुतेक सात ते दहा वर्षांची. अर्ज वर पोचवणारी मुख्याध्यापिकाही त्यांत होती. खाणीत काम करणारे बाप वर आले आणि खोरी-फावडी घेऊन आपलीच मुले उकरू लागले. अकरा वाजल्यानंतर एकही मूल जिवंत निघाले नाही.

कोळसा मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड रोबेन्स त्या दिवशी सरे विद्यापीठाच्या कुलपतिपदाची झूल अंगावर घेण्यात गुंतले होते. ठरलेला समारंभ पार पाडून ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावात पोचले. नंतर दूरचित्रवाणीवर त्यांनी सांगितले की ढिगाच्या पोटात कोणाला ठाऊक नसलेले नैसर्गिक झरे होते. ज्या झऱ्याचे पाणी गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होते तो मंडळाला अज्ञात होता!

तीन दिवसांनी मृत्यूची कारणे नोंदवण्याचे काम गावातल्या एका प्रार्थनामंदिरात सुरू झाले. अधिकाऱ्याने एका मुलाचे नाव वाचून गुदमरून व जखमांनी मृत्यू असे म्हणताच त्याचा बाप उठला. तसे लिहू नका, म्हणाला. राष्ट्रीय कोळसा मंडळाने जिवंत पुरले, असे लिहा. मला तेच नोंदीवर हवे आहे. अधिकाऱ्याने त्याची समजूत घातली आणि कायद्याच्या भाषेत जे बसते ते लिहिले. या एका प्रसंगात मला सारा प्रश्न दिसतो. त्या बापाजवळ पुरावा मागण्यासारखे काही नव्हते. आक्रोशही त्याने केला नाही. त्याने नोंद मागितली. पुढे लॉर्ड जस्टिस एडमंड डेव्हिस यांच्या न्यायाधिकरणाने ७६ दिवस सुनावणी करून, १३६ साक्षीदार तपासून ऑगस्ट १९६७ मध्ये जो निष्कर्ष दिला तो त्या बापाच्या वाक्याहून फारसा वेगळा नव्हता. दोष मंडळाचा, त्यामागे दुष्टावा नसला तरी अडाणीपणा, नालायकी आणि आपसात काही न कळवण्याची वृत्ती होती, आणि मंडळाने आडमुठेपणाने अखेरपर्यंत दोष नाकारला नसता तर बराच वेळ वाचला असता, असे अहवाल म्हणतो. एडमंड डेव्हिस हे स्वतः जवळच्याच माउंटन ॲश गावचे. त्या खोऱ्यात वाढलेला माणूस न्यायासनावर बसलेला असण्याने काय फरक पडतो, हे त्या अहवालाच्या भाषेत जाणवते.

अहवालात मंडळाच्या नऊ जणांची नावे दोषाच्या कमीअधिक वाट्यासह आली. त्यांतल्या एकावरही खटला झाला नाही, एकाचीही नोकरी गेली नाही. रोबेन्स यांनी राजीनामा देऊ केला, सरकारने तो स्वीकारला नाही. ते १९७१ पर्यंत खुर्चीवर राहिले. आणि याहून विलक्षण म्हणजे, कामाच्या ठिकाणची सुरक्षितता कशी राखावी हे सांगण्यासाठी सरकारने जी समिती नेमली तिचे अध्यक्षपद त्यांनाच दिले. १९७२ च्या त्या समितीच्या अहवालावर १९७४ चा कायदा उभा आहे. कायदा चांगला आहे, त्याने पुष्कळ कामगारांचे जीव वाचले. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु क्रिचेल डाउन शिकवणाऱ्या पुस्तकांनी हे दुसरे पानही छापायला हवे होते.

आता पैशाची गोष्ट. मेलेल्या प्रत्येक मुलामागे मंडळाने प्रथम ५० पौंड देऊ केले, मग ५०० दिले आणि ते उदारपणाचे आहेत असे म्हटले. जगभरातल्या साध्या माणसांनी पाठवलेल्या पैशांतून सुमारे १७॥ लाख पौंडांचा निधी जमला. या निधीतून आईबापांना रक्कम देण्यापूर्वी प्रत्येक कुटुंब आपल्या मुलाच्या खरोखर निकट होते का, त्यांना मानसिक यातना होत असण्याचा संभव आहे का, हे एकेक प्रकरण तपासून ठरवावे, अशी सूचना धर्मादाय आयुक्तालयाकडून आली. ज्यांनी नखांनी माती उकरली त्यांच्या दुःखाची पडताळणी! मार्टेन यांचे आपल्या जमिनीवर किती प्रेम होते, हे कोणी विचारले नव्हते.

उरलेले ढीग गावाच्या डोक्यावर तसेच होते. ते धोकादायक नाहीत, हलवण्याची गरज नाही, असे सांगण्यात येत होते. म्हणजे ज्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून मुले गमावली त्यांच्याच शब्दावर पुन्हा विश्वास ठेवा, अशी ही मागणी होती. शेवटी गावकऱ्यांनी ढिगाचा काळा गाळ नेऊन कार्डिफच्या सरकारी कचेरीत टाकला. तेव्हा ढीग हलवण्याचे ठरले. मात्र खर्चाचा वाटा म्हणून १९६८ मध्ये मदतनिधीतून १,५०,००० पौंड काढून घेण्यात आले. सरकारी मंडळाने केलेला उकिरडा उचलण्याचा खर्च मेलेल्या मुलांच्या नावाने जमलेल्या पैशातून!

येथे एक गोष्ट आपल्यासारख्यांना अडचणीची आहे, पण ती टाळता येणार नाही. हे हुजूर पक्षाच्या राज्यात घडले नाही. सरकार मजूर पक्षाचे होते. लॉर्ड रोबेन्स कामगार संघटनेतून वर आलेले, मजूर पक्षाचे माजी खासदार. निधीतून पैसे घेणारे वेल्सचे मंत्री जॉर्ज टॉमस खाणकामगाराचे पुत्र, त्याच खाणपट्ट्यात वाढलेले. मर्थरचे खासदार एस. ओ. डेव्हिस स्वतः जुने खाणकामगार. ढीग घसरेल अशी शंका आपल्याला होती, पण बोललो असतो तर खाणच बंद होईल अशी भीती वाटली, असे त्यांनी न्यायाधिकरणापुढे सांगितले. त्यांच्या या साक्षीवर न्यायाधिकरणाचा विश्वास बसला नाही, पण ती भीती मात्र खोऱ्यात खरीच होती. आपला माणूस खुर्चीवर बसला म्हणजे खुर्ची आपली झाली, असे मानणाऱ्यांनी ॲबरव्हॅनकडे नीट पाहावे. ज्या मंडळाची पाटी जनतेच्या वतीने लागली होती त्याला जनतेपैकी कोणी जाब विचारू शकेल अशी वाटच ठेवलेली नव्हती. क्रिचेल डाउननंतर ब्रिटनमध्ये प्रशासनाविरुद्धच्या तक्रारींसाठी जी दीर्घ चर्चा झाली तिचे फळ म्हणून १९६७ मध्ये संसदीय आयुक्ताचे पद निर्माण झाले. न्यायाधिकरणाचा अहवाल त्याच वर्षीचा. या आयुक्ताकडे सामान्य माणसाला थेट जाता येत नसे, खासदारामार्फत जावे लागे. आणि कोळसा मंडळासारखे राष्ट्रीयीकृत उद्योग त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेले होते.

क्रिचेल डाउन गाजण्याच्या दीडेक वर्ष आधी, २२ डिसेंबर १९५२ रोजी, बाबासाहेबांनी पुण्यात वकिलांपुढे लोकशाही यशस्वी होण्यासाठी काय काय लागते यावर भाषण केले. त्यात कायद्यापुढील समतेच्या जोडीला त्यांनी प्रशासनातील समता सांगितली, आणि सार्वजनिक सदसद्विवेकबुद्धी सांगितली; म्हणजे अन्याय कोणावरही होवो, ज्याच्यावर तो झालेला नाही त्यानेही उठले पाहिजे. इंग्लंडात शिकलेल्या, तेथील संस्थांचे गुण जाणणाऱ्या माणसाने या दोन अटी घातल्या आहेत, हे लक्षात घ्यावे. डॉर्सेटमध्ये पहिली अट पाळली गेली. वेल्समध्ये ती मोडली. दुसरीचे काय झाले हे पुढच्या दोन प्रकरणांत दिसते. त्यांचा तपशील वृत्तपत्रांतून पुष्कळ आला आहे, म्हणून थोडक्यात सांगतो.

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉलच्या सामन्यात चेंगराचेंगरी होऊन लिव्हरपूलचे ९७ प्रेक्षक मेले. शेवटचा मृत्यू त्याच जखमांमुळे २०२१ मध्ये झाला. पोलिसांनीच एक दरवाजा उघडला आणि तो प्रेक्षकांनी फोडला असे सांगितले. मृतांच्या, अगदी लहान मुलांच्याही, रक्तातली दारू तपासण्यात आली. एका खपाऊ वृत्तपत्राने पहिल्या पानावर प्रेक्षकांना दारुडे आणि प्रेतांचे खिसे कापणारे ठरवले. लिव्हरपूल म्हणजे गोदी कामगारांचे, बेकारांचे, आयरिश वस्तीचे शहर. तेथल्या माणसांबद्दल असे छापले की ते वाचकाला पटते, हा हिशेब त्यामागे होता. पोलिसांचे नियंत्रण सुटले हेच मुख्य कारण, असे लॉर्ड जस्टिस टेलर यांनी त्याच वर्षी लिहिले, तरी १९९१ मध्ये अपघाती मृत्यूचा निर्णय झाला. कुटुंबे तेवीस वर्षे कागद गोळा करीत राहिली. २०१२ मध्ये स्वतंत्र मंडळाने उघड केले की पोलिसांच्या १६४ जबान्यांत मोठे फेरफार झाले होते आणि त्यांपैकी ११६ जबान्यांतून पोलिसांना प्रतिकूल मजकूर काढला किंवा बदलला होता. २०१६ मध्ये ज्यूरीने हे मृत्यू बेकायदा वधाचे ठरवले, प्रेक्षकांचा दोष नाही असे सांगितले. जबान्या बदलल्याचा खटला मात्र २०२१ मध्ये कोसळला. कारण ऐकण्यासारखे आहे. त्या जबान्या टेलर चौकशीसाठी दिलेल्या होत्या. ती न्यायालयीन कारवाई नसल्याने त्या बदलणे हा न्यायाच्या मार्गात अडथळा आणण्याचा गुन्हा होऊ शकत नाही, असे न्यायाधीशांनी म्हटले.

दुसरे प्रकरण पोस्टाचे. ब्रिटनमध्ये लहान गावातले पोस्ट बहुधा एखादा दुकानदार करारावर चालवतो. १९९९ पासून त्यांच्या काउंटरवर होरायझन नावाची संगणकप्रणाली आली आणि हिशेबात नसलेली तूट दिसू लागली. पोस्टाने यंत्रावर विश्वास ठेवला, माणसांवर ठेवला नाही. मदतीसाठी फोन करणाऱ्याला सांगण्यात येई की ही तक्रार तुमची एकट्याचीच आहे. या पुराव्यावर ९०० हून अधिक जण दोषी ठरले, सुमारे ७०० खटले पोस्टाने स्वतःच चालवले. विशेष हे की संगणक नीट चालत होता हे आधी सिद्ध करण्याची कायद्यातली अट १९९९ च्याच कायद्याने रद्द झाली होती. या दुकानदारांत भारतीय उपखंडातून आलेली कुटुंबे पुष्कळ होती. पोस्टाच्या तपासनिसांच्या एका जुन्या कागदात संशयितांची वंशानुसार वर्गवारी करण्याचे रकाने होते, वसाहतकाळातल्या शब्दांसह. तो कागद २०२३ मध्ये बाहेर आला आणि पोस्टाने माफी मागितली. जनगणनेच्या आणि गुन्हेगार जमातींच्या नोंदवह्यांमधून ही भाषा आपल्याला परिचयाची आहे. कराराच्या वादातून पोस्ट गमावलेल्या ॲलन बेट्स यांनी २००९ मध्ये हे विखुरलेले लोक एकत्र केले तेव्हा प्रत्येकाला प्रथम कळले की आपण एकटे नव्हतो. २०१९ मध्ये ५५५ जणांनी न्यायालयात जिंकले. तडजोडीच्या ५.७७५ कोटी पौंडांतले बरेचसे खटल्याच्या खर्चात गेले. २०२४ च्या जानेवारीत दूरचित्रवाणीवर त्यांची कथा नाट्यरूपात दाखवली गेल्यावर सगळा देश हळहळला आणि मे महिन्यात संसदेने कायदा करून शिक्षा रद्द केल्या. सार्वजनिक सदसद्विवेकबुद्धी जागी व्हायला वीस वर्षे आणि एक मालिका लागली.

ब्रिटनमध्ये गेली काही वर्षे एक प्रश्न वारंवार चर्चिला जातो : जनतेचा शासनावरचा विश्वास का उडाला? प्रश्नातच एक गृहीत दडले आहे, की विश्वास ठेवणे हे खालच्यांचे काम. शासनाने ॲबरव्हॅनच्या मातांवर, लिव्हरपूलच्या प्रेक्षकांवर, पोस्टाच्या दुकानदारांवर कधी विश्वास ठेवला होता, हे कोणी विचारीत नाही. मार्टेन यांच्यावर ठेवला होता. ते खोटे बोलत असतील अशी शंकाच घेतली गेली नाही. इतरांना मात्र आपण खोटारडे नाही हे आधी सिद्ध करावे लागले, आणि मग तक्रार.

ॲबरव्हॅनच्या निधीतून घेतलेले १,५०,००० पौंड १९९७ मध्ये परत करण्यात आले. जेवढे घेतले तेवढेच. तीस वर्षांचे व्याज नाही. त्याचे मोल ओळखून २००७ मध्ये वेल्सच्या सरकारने आणखी २० लाख पौंड दिले. हिल्सबरोच्या पहिल्या चौकशीत ४३ कुटुंबांना मिळून एकच बॅरिस्टर परवडला होता, तोही स्वतःच्या पैशाने. पोलिसांचे वकील सरकारी खर्चाने उभे होते. सरकारी अधिकाऱ्यांनी चौकशीत सत्य सांगणे बंधनकारक करणारे, आणि सार्वजनिक संस्थेसमोर उभ्या राहणाऱ्या मृतांच्या नातेवाइकांना वकिलाचा खर्च देणारे विधेयक लंडनच्या संसदेत २०२५ च्या सप्टेंबरात मांडले गेले. पँटग्लास शाळेतून जिवंत बाहेर काढलेली मुले तोवर पासष्टी ओलांडून गेली होती.